तंबाखूचा कायदा गिऱ्हाइकाने कसा वाचावा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही रोज तीन-चार सिगारेटी ओढता. एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर, छपराबाहेर उघड्यावर उभे असताना तुम्हाला दोनशे रुपये दंड झाला आणि पावती मिळाली नाही. गावातला टपरीवाला सुट्टी सिगारेट द्यायला नाही म्हणतो, पण त्याच टपरीवर मावा राजरोस मिळतो. मुलीच्या शाळेच्या फाटकासमोर पानटपरी आहे. कामानिमित्त बेळगावकडे जाणं-येणं असतं, तिथले नियम वेगळे आहेत असं कानावर आलंय. आणि दुबईचा मेहुणा दिवाळीला येताना तुमच्यासाठी व्हेप आणणार आहे, म्हणजे सिगारेट सुटेल. यातलं काय चालतं, काय चालत नाही आणि गिऱ्हाईक म्हणून तुमचं स्थान काय, असं तुम्ही विचारलंय.

मी अकरा वर्षं एका जिल्ह्याच्या तंबाखू नियंत्रण कक्षात सल्लागार होते. पोलीस, अन्न व औषध प्रशासन आणि शिक्षण विभाग यांची जी भरारी पथकं निघतात, त्यांच्याबरोबर फिरले आणि पोलीस ठाण्यांतून या कायद्याची प्रशिक्षणंही घेतली. त्या अनुभवातून सांगते. लोकांचा गोंधळ होतो कारण ते ‘तंबाखूचा कायदा’ एकच समजतात. तो एक नाही. हातातली वस्तू कोणती, यावर कुठला कायदा लागू होणार ते ठरतं.

सिगारेट, बिडी आणि साधी तंबाखू यांना २००३ चा केंद्राचा कायदा लागतो. त्याचं नाव लांबलचक आहे, सगळे त्याला ‘कोटपा’ म्हणतात. या वस्तू विकायला परवानगी आहे, पण अटी घालून. गुटखा, मावा, खर्रा, सुगंधित तंबाखू यांच्याकडे महाराष्ट्रात अन्न म्हणून बघितलं जातं, म्हणून तिथे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा येतो आणि त्याखाली त्यांच्यावर बंदी आहे. व्हेप म्हणजे ई-सिगारेट, तिला २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तो देशभर बंदीचा आहे. या तिन्ही कायद्यांची धार बनवणाऱ्यावर, साठवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. तंबाखू वापरली म्हणून गिऱ्हाइकाला दोषी धरणारी मुख्य तरतूद एकच, ती म्हणजे चुकीच्या जागी धूर सोडणं. नेमकी तिथेच तुमची गाठ पडली, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई करण्याचा देशव्यापी आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. याचिका मुंबईच्या मुरली देवरांची होती. पुढे कोटपाच्या कलम ४ ने ते कायद्यात आणलं आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सविस्तर नियम लागू झाले. मूळ कायद्यातली ‘सार्वजनिक ठिकाण’ याची व्याख्या वाचली तर शेवटी लिहिलंय की उघडी जागा यात येत नाही. तुमचा सगळा भरवसा या शब्दांवर आहे. पण २००८ च्या नियमांनी ‘उघडी जागा’ म्हणजे काय तेही सांगून ठेवलंय. लोकांची ये-जा असलेलं उघडं प्रेक्षागृह, स्टेडियम, रेल्वे स्टेशन, बस थांबा आणि बस स्टँड हे उघडी जागा धरलेच जात नाहीत. त्यामुळे डोक्यावर पत्रा होता की आकाश, याने फरक पडत नाही. स्टँडच्या आवारात तुमचा गुन्हा झाला. फाटकाबाहेर रस्त्यावर, मैदानात, शेताच्या बांधावर कोटपाचं कलम ४ लागत नाही. हॉटेल, ऑफिस, कारखान्याचं कॅन्टीन, मॉल, सिनेमागृह, दवाखाना, कोर्ट, रिक्षा, बस इथे लागतं. स्वतःच्या घरात लागत नाही. रेल्वेच्या डब्यात ओढली तर १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६७ वेगळं आहे, त्यात शंभर रुपयांपर्यंत दंड आहे.

आता पावती. कलम ४ च्या गुन्ह्याला दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे, त्याच्या वर नाही. अधिकृत अधिकारी जागेवर दंड घेऊन प्रकरण मिटवू शकतो, तशी सोय कलम २८ मध्ये आहे आणि तिथेही मर्यादा दोनशेचीच. पैसे सरकारी खात्यात जमा व्हायचे असतात, म्हणून पावती मागणं हा उद्धटपणा नव्हे. पावतीवर कायद्याचं नाव, कलम, रक्कम, तारीख आणि घेणाऱ्याचा हुद्दा असायला हवा. कुणी या कलमाखाली पाचशे-हजार मागितले तर शांतपणे ‘कुठल्या कायद्याखाली?’ एवढंच विचारा. थुंकण्याचा दंड वेगळा असतो, तो नगरपालिका-महापालिकेच्या उपविधींतून येतो आणि गावागणिक बदलतो. कोविडच्या काळात राज्याने थुंकण्यावर आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर चढत्या दंडाचा आदेश काढला होता, ते हजार रुपये लोकांच्या डोक्यात अजून बसलेत.

दंड घेणारा माणूस पोलीसच हवा असंही नाही. नियमांसोबतच्या यादीत स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, शाळेचे मुख्याध्यापक, असे पुष्कळ जण आहेत. ज्याची जागा आहे, तोही जबाबदार असतो. प्रत्येक प्रवेशद्वाराशी ६० बाय ३० सेंटिमीटरचा फलक लावायचा, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिथे लिहायचं, आवारात ॲशट्रे आणि काडेपेट्या ठेवायच्या नाहीत, ही सगळी त्याची कामं. तक्रार येऊनही त्याने काही केलं नाही, तर जितक्या जणांनी तिथे सिगारेट ओढली तितके दंड त्याच्याकडून वसूल होतात. तुमच्या स्टँडवर असा फलक होता का, हे एकदा बघा. तो नसला म्हणून तुमचा दंड रद्द होत नाही, पण लेखी तक्रार जरूर करा. एकट्या प्रवाशाला पकडायचं आणि फलक मात्र लावायचाच नाही, याला मी अंमलबजावणी म्हणत नाही.

तीस किंवा जास्त आसनांच्या रेस्टॉरंटला, तीस खोल्यांच्या हॉटेलला आणि विमानतळाला धूम्रपानाची वेगळी खोली ठेवता येते. ती बंद होणाऱ्या दाराची आणि धूर बाहेर खेचणाऱ्या व्यवस्थेची हवी. २०१७ पासून त्या खोलीत खाणंपिणं वाढायला मनाई आहे आणि अठराच्या आतल्यांना तिथे प्रवेश नाही. हुक्का पार्लर महाराष्ट्रात पूर्ण बंद आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ जणांचा जीव गेला, त्यात हुक्क्याच्या निखाऱ्यांवर संशय होता, त्यानंतर २०१८ मध्ये राज्याने कोटपात दुरुस्ती केली. हुक्का बार चालवणाऱ्याला एक ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते एक लाख रुपये दंड आहे.

सुट्ट्या सिगारेटीचं कारण समजून घ्यायचं तर पाकीट हातात घ्या. मी प्रशिक्षणात नेहमी हेच करायची, कारण कायद्याची अर्धी कलमं त्या पाकिटावर छापलेली असतात. १ एप्रिल २०१६ पासून पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला हवा, त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के मजकूर. २०१८ पासून व्यसन सोडण्यासाठीचा १८००-११-२३५६ हा फुकट नंबरही त्यावर छापावा लागतो. चित्र ठरावीक काळाने बदलतं, कारण रोज तेच बघून डोळा मरतो. याखेरीज छापील किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि उत्पादनाचा महिना.

यातलं काहीच नसलेलं, सोनेरी पट्टीचं, परदेशी दिसणारं पाकीट कुणी ‘इंपोर्टेड आहे’ म्हणून पुढे केलं तर ते चोरट्या मार्गाने आलेलं असण्याची शक्यता दाट आहे. रीतसर आयात झालेल्या पाकिटालाही भारतातलं चित्र आणि आयातदाराचं नाव लागतंच. इशाऱ्याशिवायचा माल विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपये दंड आहे, बनवणाऱ्याला दोन वर्षं किंवा पाच हजार. आणि कर वाढल्याची बातमी आली की काही दुकानदार जुन्या पाकिटावर दहा-वीस रुपये चढवून घेतात. ते चालत नाही. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेणं वजनमापे नियमांत बसत नाही. सिगारेट ओढणाऱ्यालाही ग्राहक म्हणून हा हक्क आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता पाकीट फोडून एक सिगारेट बाहेर काढा. चित्र कुठे गेलं? टपरीवाल्याच्या गल्ल्यामागे. खिशात थोडेच पैसे असलेला दहावीतला मुलगा जी एकच सिगारेट घेऊन जातो, तिच्यावर इशारा नाही, नंबर नाही, काहीच नाही. याच कारणाने महाराष्ट्र सरकारने २४ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने सुट्टी सिगारेट आणि सुट्टी बिडी विकायला बंदी केली. म्हणजे तुमचा टपरीवाला कायद्याने वागतोय. तुम्हाला पूर्ण पाकीट घ्यावं लागतं आणि ते महाग पडतं, हे खरं. काही गिऱ्हाइकं मला म्हणायची, ‘मॅडम, सुट्टी मिळायची तेव्हा दिवसाला तीन ओढायचो, पाकीट खिशात असलं की सहा होतात.’ ही तक्रार मी खोटी मानत नाही. पण नव्याने लागणाऱ्या पोरांचा विचार केला तर मला ही बंदी योग्य वाटते. विकणाऱ्यावर कारवाई होते, विकत घेणाऱ्यावर या अधिसूचनेत काही नाही.

मग तोच टपरीवाला मावा कसा विकतो? हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि महाराष्ट्राचं खरं दुखणंही तेच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर धूर न काढता तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. कलम ४ फक्त धुराला लागतं. आपल्याकडे बहुतेकांच्या गालात तंबाखू असते, ती त्या कलमाला दिसतच नाही.

राज्याने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही, २००४ मध्ये उडाली, कारण तेव्हाच्या अन्नभेसळ कायद्यात राज्याच्या अधिकाऱ्याला इतकी लांब बंदी घालायचा अधिकार नव्हता. गोव्याने मात्र आपल्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून २००५ मध्ये गुटखा बंद केला. नंतर अन्न सुरक्षा कायदा आला आणि २०११ च्या नियमांत एक छोटं वाक्य आलं, कुठल्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घटक म्हणून वापरायचं नाही. गुटख्यात सुपारी, कात, सुगंध, चुना असतो, तो तोंडात टाकून चघळतात, म्हणजे तो अन्न. अन्नात तंबाखू चालत नाही, म्हणजे गुटखा चालत नाही. या तर्कावर जुलै २०१२ मध्ये अन्न सुरक्षा आयुक्तांनी बंदीचा आदेश काढला आणि २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू, खर्रा, मावा हेही त्यात आले. आयुक्तांना कलम ३० खाली एका वेळी एकच वर्ष बंदी घालता येते, म्हणून दरवर्षी नवा आदेश निघतो. दरवर्षी जुलैच्या सुमारास टपऱ्यांवर ‘बंदी उठली’ अशी आवई उठते ती यामुळेच. जुना आदेश संपायला आलेला असतो, इतकंच.

आणि कंपन्या काय करतात ते टपरीवरच दिसतं. एका हुकाला पानमसाल्याची माळ, दुसऱ्या हुकाला त्याच नावाच्या जर्द्याची बारीक पुडी. गिऱ्हाईक दोन्ही घेतं, पहिली फाडतं, दुसरी त्यात ओततं, बोटाने ढवळतं आणि तोंडात टाकतं. गुटखा तयार. महाराष्ट्राच्या आदेशात पानमसालाही बंद आहे, त्यामुळे ही पळवाट इथे कायद्याने उघडी नाही. मावा तर डोळ्यांसमोरच बनतो. सुपारीचा भुगा, चिमूट-दोन चिमटी तंबाखू, बोटभर चुना, सगळं प्लॅस्टिकच्या तुकड्यात घालून पाटीवर घासून-घासून एकजीव करायचं, वर दोरा किंवा रबर. विदर्भात त्यालाच खर्रा म्हणतात, पन्नीत घोटतात. त्यावर ना चित्र, ना किंमत, ना बनवणाऱ्याचं नाव. आत काय किती पडलंय ते खाणाऱ्याला कधीच कळत नाही.

एका पथकासोबत असताना एका टपरीवर आम्हाला घोटायची लाकडी पाटी सापडली. मधोमध खोलगट खड्डा पडला होता आणि चुन्याने लाकूड पांढरं झालं होतं. टपरी चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, सासऱ्यांच्या वेळची पाटी आहे. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी पाटी, तंबाखूचे डबे, सुपारी सगळं जप्त केलं, नमुना घेऊन त्याचे चार भाग करून सील केले, पंचनाम्यावर सह्या झाल्या. बाईंना ‘तंबाखू विकायची बंदी नाही ना?’ हेच समजत नव्हतं. पाकीटबंद, इशारा छापलेली साधी तंबाखू विकता येते. तीच तंबाखू सुपारी-चुन्यात घोटून दिली की बंदीत येते. ही रेष त्यांना आधी कुणी नीट समजावली नव्हती, त्या दिवशी मी अर्धा तास तिथे बसून समजावली. मोठा साठा पकडला की अन्न सुरक्षा कायद्याबरोबर फौजदारी गुन्हाही नोंदवतात. दोन्ही एकत्र चालू शकतात असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्राच्याच प्रकरणात सांगितलं होतं, पण भेसळीच्या फौजदारी कलमांपुरतं ते २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने नाकारलं. बंदी बनवणं, साठवणं, वाहतूक, वाटप आणि विक्री यावर आहे. खाणाऱ्यावर त्या आदेशात गुन्हा नाही. म्हणून मावा विकणाऱ्याची माहिती द्यायला गिऱ्हाइकाने घाबरायचं कारण नाही. माहिती अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्यायची, पोलिसांतही देता येते.

मिश्रीचं मात्र कायद्याला फार काही करता येत नाही. तंबाखू घातलेली टूथपेस्ट आणि दंतमंजन बनवणं-विकणं १९९२ पासून बंद आहे. पण आमच्या मावशीकडे तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळून डबीत भरायची. विकत आणली ती साधी तंबाखू, बनली घरात. घरातल्या तव्यापर्यंत कुठलं पथक येणार? तिथे मुलीने-सुनेनेच बोलायचं असतं.

शाळेसमोरच्या टपरीचं उत्तर सरळ आहे. कोटपाच्या कलम ६ प्रमाणे शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकायचा नाही. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटरच्या थोडं वर. वाद होतो तो मोजण्यावरून. एका गावात टपरीवाला रस्त्याने मोजून दाखवत होता, वळसा घालून सव्वाशे मीटर भरत होते. नियमात अंतर शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ, त्रिज्येने मोजायचं आहे. आम्ही मैदानातून टेप धरला, बहात्तर मीटर. वाद संपला. आता तंबाखूमुक्त शाळेच्या मार्गदर्शक सूचनांत त्या हद्दीवर पिवळी रेषा आखायला सांगितलंय, ती आखलेली असेल तर टेपचीही गरज नाही. शाळेनेही फाटकाशी तसा फलक लावायचा असतो. तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, एक प्रत पोलीस ठाण्यात द्या. अर्जात ‘टपरी हटवा’ असं लिहू नका. टपरी हटवणं हा अतिक्रमणाचा वेगळा विषय आहे आणि त्यात वर्षं जातात. ‘टपरीवरची तंबाखूची विक्री थांबवा’ असं लिहा. कायदा एवढंच मागतो आणि त्याच टपरीत तो माणूस बिस्किटं, वह्या, चहा विकून पोट भरू शकतो. मी हे होताना बघितलंय.

वयाची अट १८. अठराखालच्याला विकायचं नाही आणि अठराखालच्या पोराला गल्ल्यावर बसवून विकायलाही लावायचं नाही. शंका आली तर दुकानदाराने वयाचा पुरावा मागायचा. कोटपात याला दंड दोनशेच आहे, पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ फार कडक आहे. मुलाला तंबाखू देणाऱ्याला किंवा द्यायला लावणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. आपल्याकडे ‘बाळा, कोपऱ्यावरून पुडी आण’ हे घरोघरी चालतं. पोराने आणलेली पुडी आजोबांची असते, पण दुकानदाराने ती पोराच्या हातात दिलेली असते. ‘द्यायला लावणारा’ हे शब्द कायद्यात आहेत, त्यामुळे मुलीला कधीही सिगारेट आणायला पाठवू नका. हे मी कायद्याच्या धाकापलीकडे, आई म्हणूनही सांगते. दुकानाशी ओळख, पैसे देणं, पुडी हातात धरणं, हे सगळं पोर तिथेच शिकतं.

बेळगावचं म्हणाल तर तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. कागल ओलांडून निपाणीकडे गेलात की कर्नाटक. ज्या निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले, तिथेच आता सिगारेट घ्यायला वय २१ लागतं. कर्नाटकाने कोटपात स्वतःची दुरुस्ती केली, ती २०२५ मध्ये लागू झाली. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाचा दंड तिथे हजारापर्यंत गेलाय आणि सुट्टी विक्रीही बंद आहे. वय २१ आणि दंड दोन हजार करण्याचा केंद्राचाही मसुदा २०२१ च्या सुरुवातीला चर्चेत होता, त्याचा कायदा झाला नाही. म्हणून महाराष्ट्रात आजही १८ आणि दोनशे. गोव्यात जाणार असाल तर तिथे १९९७ चा धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा राज्याचा स्वतःचा कायदाही आहे, हे लक्षात ठेवा.

जाहिरातींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण टपरीवर उभे राहता म्हणून सांगते. टपरीवर जास्तीत जास्त दोन फलक, प्रत्येकी ६० बाय ४५ सेंटिमीटर, वर इशारा, आणि त्यावर फक्त कुठला पदार्थ मिळतो ते. ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचं चित्र नाही, दिवे नाहीत. बाकी सगळी झगमग बेकायदेशीर. पानमसाल्याच्या ब्रँडचं नाव वेलचीला देऊन टीव्हीवर दाखवतात, अशा जाहिरातीला छुपी जाहिरात म्हणतात, जून २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत तिला मनाई आहे. तक्रार त्याच १९१५ वर.

आता मेहुण्याचा व्हेप. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. साठा सोडून बाकी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि पाच लाख. ओढणाऱ्यासाठी वेगळं शिक्षेचं कलम त्यात नाही, म्हणून लोक म्हणतात ‘वापरायला चालतं’. पण ती वस्तू तुमच्यापर्यंत पोचायची कशी? दुबईहून बॅगेत घालून आणली की ती आयात. ‘एकच आहे, भेट आहे’ अशी सूट कायद्यात लिहिलेली नाही. विमानतळावर कस्टमने काढून घेतली तर परत मिळणार नाही आणि अडकेल तो तुमचा मेहुणा. लंडन-दुबईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे खरंच माहीत नसतं, कारण तिथे ती दुकानात उघड मिळते.

तुम्हाला सिगारेट सोडायची आहे, हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य. त्यासाठी औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. ते तोंडात टाकून गोळीसारखं भराभर चघळायचं नाही. चव तिखट लागेपर्यंत चावायचं, मग गालात धरून ठेवायचं. किती आणि किती दिवस, ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या खिशातल्या पाकिटावरचा तो नंबरही आहेच. मेहुण्याला मात्र आजच कळवा, बॅग भरायच्या आधी.